सापडला नाही, असं लिहावं

डबा लपवायचा तर त्यावर आपला फोन नंबर लिहावा, हे मला जिनं शिकवलं, तिच्यामुळेच एका दुपारी त्या नंबरावर पोलिसांचा फोन आला.

मी दिल्लीत मुनिरक्यात राहते. कलेक्टर व्हायच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींना जेवणाचे डबे देते. नवरा गुरुग्रामला एका टॉवरमध्ये लिफ्टच्या देखभालीवर आहे, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. माहेर वाशिमकडचं. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पण घरात कुणी ‘सुटली’ असं म्हटलंच नाही. ‘पुढच्या वर्षी बसेल’ म्हणायचे. माझं लग्न ठरलं तरी आई शेजारणीला तेच सांगत होती.

दिल्लीत आल्यावर मला सगळ्याचीच भीती. घरमालकाची, भाडेकरूच्या पोलीस तपासणीची, मेट्रोत पर्स मशीनमध्ये टाकायची. भाजी मंडी आणि गॅसवाला यांच्यापलीकडे मी गेले नव्हते. डबे खाणाऱ्यांत लातूरकडची एक मुलगी होती, उंच, चष्मेवाली, मला ताई म्हणणारी. एका रविवारी रिकामा डबा द्यायला आली आणि म्हणाली, “ताई, चला, एक गंमत दाखवते.”

तिनं मला एका बागेत नेलं. फोनमध्ये बघत बघत एका बाकाजवळ थांबली, बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं आणि बाकाखालून काडेपेटीएवढी डबी काढली. आत कागदाची गुंडाळी, त्यावर कुणाकुणाची नावं.

“हे काय गं?”

“कुणीतरी लपवतं, जागा ॲपवर टाकतं. आपण शोधायचं, नाव लिहायचं, होतं तसं परत ठेवायचं. जिओकॅशिंग म्हणतात.”

“मग मिळतं काय?”

“काहीच नाही.”

“मग कशाला?”

“म्हणूनच तर, ताई! ज्यात काही मिळायचंच नाही असं एक तरी काम असावं ना माणसाला.”

मी त्या कागदावर माझं नाव लिहिलं. शाळा सुटल्यापासून नाव लिहायचं ते फॉर्मवर, तेही कुणी बोट ठेवील तिथं. इथं मला जागा आवडली तिथं लिहिलं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तिचे उपकार जन्मभर मानीन.

नंतर आम्ही बऱ्याच बागा पालथ्या घातल्या. नियम तिनंच शिकवले. फोन जवळ आल्याचं सांगायला लागला की त्याच्याकडे बघणं बंद करायचं, झाडाखाली तो हमखास चुकतो. आपण लपवला असता तर कुठे, हा विचार करायचा. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं असतील तर ती जाईपर्यंत थांबायचं. मी कढीलिंब शोधायचं सोंग करायचे. बाईमाणूस झाडात हात घालून उभी असली तर त्याला दुसरं कारण दिल्लीत कुणाला पटत नाही. डब्यातलं खेळणं घेतलं तर त्याच्याच तोडीचं काहीतरी ठेवायचं. खायची वस्तू कधी नाही, माकडं डब्यासकट नेतात. पेन नको, पेन्सिल ठेवावी, मे महिन्यात पेन वाळून जातं. जमीन खणायची नाही, वीट उपटायची नाही. आणि स्टेशन, बाजार, सरकारी भिंत यांच्या आसपास कधीच काही ठेवायचं नाही. या शहरात सरोजिनी नगरला कपडे घ्यायला गेलं तरी भोंग्यावर ‘लावारिस वस्तु को हाथ न लगाएँ’ ऐकूनच खरेदी करावी लागते.

“आणि सगळ्यात मोठा नियम,” ती म्हणायची, “नाही सापडलं तर ॲपवर सरळ लिहायचं, सापडला नाही. मग ज्याचा आहे तो जाऊन बघतो. काही लोक काय करतात, सापडला नाही की तिथं स्वतःचाच नवा डबा टाकतात आणि लिहितात सापडला. एकदम चीप काम!”

पुढे मी माझाही एक डबा लपवला. मुखवासाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी, म्हणजे आतलं बाहेरून दिसावं. वर हिंदीत चिठ्ठी: यह एक खेल है, इसमें कोई ख़तरा नहीं. खाली, तिनं शिकवलं होतं तसा, माझा नंबर. घराजवळच्या बागेतल्या माळीकाकांना विचारून तुतीच्या ढोलीत तारेनं बांधून ठेवली. मी बुटकी, त्यामुळे माझ्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर. कुणी ‘सापडला’ लिहिलं की ॲप मला कळवायचं आणि दिवसभर पोळ्या हलक्या व्हायच्या.

त्या पावसाळ्यात तिचा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. डबा अर्धा परत यायला लागला. भूक मरू नये म्हणून मी छोट्या स्टीलच्या डबीत जास्तीची शेंगदाण्याची चटणी द्यायला लागले. आमच्याकडच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला मी लाल नेलपेंटचा ठिपका लावते, मेसवाल्या बायका लावतातच, नाहीतर भांडी एकमेकींकडे जातात. मग एकदा ॲपवर दिसलं की तिनं माझी बरणी शोधली. ‘सापडला. मस्त जागा, ताई!’ मला किती बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगी घराबाहेर तरी पडली.

फोन आला तो पंधरा ऑगस्ट जवळ आलेला असताना. “आपका डिब्बा है पार्क में? आ जाइए.”

बागेला दोरी लावलेली. चालायला येणारे म्हातारे बाहेर घोळक्यानं उभे. माळीकाका कुणाकडेही न बघता उकिडवे बसलेले. गार्डला तुतीच्या मुळाशी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं काहीतरी दिसलं होतं, त्यानं कळवलं, तपासणीवाले आले. मग झाड बघताना वर माझी बरणी मिळाली, तिच्यावर माझा नंबर. टेपचं पुडकं तोवर उघडून झालं होतं. एका महिला इन्स्पेक्टरनं ते माझ्यासमोर धरलं. आत छोटी स्टीलची डबी, तिच्यात कागद, पेन्सिल आणि प्लास्टिकचा हत्ती.

“यह डिब्बा तो समझ में आया, नंबर लिखा है,” ती म्हणाली. “यह दूसरा किसका है?”

तिनं डबी उलटी केली. बुडाला माझा लाल ठिपका.

त्या क्षणी मला सगळं कळलं. चटणीची ती डबी मी लातूरच्या पोरीलाच द्यायचे; तिला माझी बरणी सापडलीच नव्हती. ती उंच, ती वरच्या फांद्यांत शोधत राहिली असणार. ‘एकदम चीप काम’ म्हणणाऱ्या पोरीनं तेच काम केलं होतं. आणि नाव सांगितलं तर? या परीक्षेच्या पोरांना पुढे पोलिसांचा शेरा लागतो, हे मी डबे भरता भरता शंभरदा ऐकलेलं. एक नोंद झाली की संपलं. दुसरीकडे माझी खोली. पोलीस दारात आले तर घरमालक ठेवणार नाही आणि खोली गेली की चूल गेली. मी तुतीच्या खोडावर हात टेकला.

“मेरा ही है,” मी म्हटलं. “दोनों मेरे हैं.”

“पढ़ी-लिखी नहीं हो क्या? काली टेप लगाता है कोई?”

“आठवीं तक, मॅडम.”

तिनं बरणीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाली, “नंबर लिखा था इसलिए फ़ोन किया. एक पर लिखना, दूसरे पर भूल जाना... ऐसा नहीं चलता.” तिनं मला चौकीत बसवलं, लिहून घेतलं आणि ओळखीच्या माणसाला बोलवायला सांगितलं. नवऱ्याचा फोन लागेना, लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते. शेवटी घरमालकाला केला.

तो आला, हे मी विसरणार नाही. पांढरा पायजमा, हातात हुक्क्याची नळी असावी तशी छत्री. “हमारी किराएदार है, शरीफ़ है, बच्चों को खाना खिलाती है,” असं सांगून त्यानं सही केली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बेटी, अगले महीने दूसरा कमरा देख लो. मेरी भी बाल-बच्चों वाली जगह है.” त्याचंही मला चुकलंसं वाटत नाही. पण त्या क्षणी पायाखालची जमीन गेली ती गेलीच.

संध्याकाळी ती रिकामा डबा घेऊन आली. बागेची बातमी गल्लीभर झालेली होती. दारातच उभी.

“ताई, छोटी डबी...”

“मिळाली मला.”

ती खाली बसली, चपलांच्या जागेवरच. “परत परत गेले. नाहीच सापडली. म्हटलं, तुमचीसुद्धा सापडू नये? लोक विचारतात झालं का, झालं का. एक तरी गोष्ट झाली असं लिहावं वाटलं.”

“ते कळलं गं मला. पण काळी टेप कशाला बाई?”

“पाणी आत जाऊ नये म्हणून.”

मला हसू आलं, रडूही आलं, आणि रागही. रागच जास्त. पुढे कलेक्टर होऊन जिल्हा सांभाळणार म्हणे, आणि डबी गुंडाळता येत नाही!

“मी आत्ता चौकीत जाते,” ती उठली. “सांगते माझं नाव.”

“बस खाली. तुझी मुलाखत व्हायची आहे अजून.”

“कुठली मुलाखत, ताई? पूर्वपरीक्षाच गेली माझी.” मग हळूच, “घरी सांगितलंय, निघाली, पास झाले. बाबांनी गल्लीत पेढे वाटले.”

मी कणीक मळायची थांबले. मला माझी आई आठवली, शेजारणीला ‘पुढच्या वर्षी बसेल’ सांगणारी. किती वर्षं सांगत होती! एकदा कुणी म्हटलं असतं की शाळा सुटली, तर कदाचित कुणी शोधायलाही आलं असतं. एखादे मास्तर, एखादी मावशी.

“लाव फोन,” मी म्हटलं. “इथूनच.”

“आत्ता?”

“आत्ता. माझी खोली गेलीय तुझ्यापायी. एवढं तर करशील?”

हे बोलायला नको होतं. खोली गेल्याचं मी तिला सांगणार नव्हते. तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला आणि फोन लावला. मी मुद्दाम कुकर चढवला, म्हणजे शिट्ट्यांत मला काही ऐकू येऊ नये. तरी सुरुवातीचं एक वाक्य ऐकू आलंच, “बाबा, माझं झालेलं नाही.” पुढे ती नुसतं ‘हो’, ‘हो’ म्हणत होती. भात होऊन गॅस बंद केला तरी तिचा फोन चालूच होता.

आता आम्ही दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. ओटा एवढासा आहे, डबे जिन्यात मांडून भरावे लागतात. सामान वाहायला ती आली होती, सिलिंडर तिनंच वर चढवला. माळीकाका भेटले की मान हलवतात, पण बोलत नाहीत. त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते मी अजून विचारू शकलेले नाही. अनोळखी नंबरावरून फोन आला की माझ्या हातातलं लाटणं आजही थांबतं. पोलिसांशी खोटं बोलले, ते बरं केलं की वाईट, हेही मला ठरवता येत नाही.

बरणी मी ॲपवरून काढून टाकली. काढायच्या आधी पाहिलं तर तिनं आपलं जुनं पुसून खाली नवं लिहिलं होतं: सापडला नाही.