दोन याद्यांतले तेच तारे

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील बिद्रीजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत मशीनवर दुधाची फॅट मोजतात. कोल्हापुरात मी संशोधनाला लागले तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी सांगितलं, विश्व वाढत्या वेगानं पसरतंय. त्यामागे कृष्ण ऊर्जा आहे असं मानतात. ती मानायची की गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलायचा, हे मी निरीक्षणांवर तपासते.

"तपासतीस न्हवं? मग बास," ते म्हणाले.

गेल्या वर्षी माझं बदललेलं समीकरण निरीक्षणांशी नेहमीच्या मॉडेलपेक्षा चांगलं जुळलं. पुढच्या सोमवारी ते विभागात सगळ्यांसमोर मांडायचं होतं. रविवारी सकाळी गावी गेले, ती थेट संस्थेतच.

"स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या दोन याद्या वापरल्या, आबा. दोन्ही माझ्याच बाजूनं बोलतात."

बाटलीत नमुना घेता घेता त्यांनी विचारलं, "दोन्हीतले तारे येगळे हायत न्हवं?"

"असणारच की."

"असणारच म्हंजे? बघितलंस का? एकदा दोन बाटल्यांची फॅट सारखी लागली म्हणून मी मशीन बरोबर हाय असं धरून बसलो. दोन्ही एकाच किटलीतल्या निघाल्या."

दूध घालायला रांगेत उभ्या असलेल्या एक मावशी आबांना म्हणाल्या, "आन् आमची फॅट कमी लागली की म्हणतोस, मशीन चुकत न्हाय."

मी तिथंच बाकावर लॅपटॉप उघडला. नव्या यादीत जुन्या यादीतले पुष्कळ तारे तसेच घेतलेले होते. मी ते दोनदा मोजले होते. एकदाच ठेवून गणित पुन्हा चालवलं. दुपारपर्यंत माझ्या समीकरणाची आघाडी गेली.

"नापास?" आबांनी विचारलं.

"न्हाय. जुन्या मॉडेलएवढंच."

"मग जुनंच ऱ्हाऊ दे की."

मला हसू आलं. माझ्या मार्गदर्शक सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाटल्यास पुढं ढकलू." मी नको म्हटलं.

सोमवारी जे निघालं तेच मांडलं: माझं मॉडेल बाद होत नाही, पण सरसही ठरत नाही. नवी निरीक्षणं आली की पुन्हा तपासता येईल. पहिलाच प्रश्न आला, "जुन्या यादीतले एवढे तारे का गाळले?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं.