दुसऱ्या पक्षाचं पुडकं

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर सासऱ्यांनी सांगितलं त्यालाच मत दिलं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. मतदानाच्या शाळेच्या दारापर्यंत बाबा त्यांच्या कानाशी लागून चालायचे. आत गेल्यावर आई तेवढं एक काम उरकायच्या आणि बाहेर येऊन पोहे-जलेबी कुठे खायची ते विचारायच्या. "सगळे एकाच माळेचे मणी, मला काय," असं त्यांचं म्हणणं.

हे महागात पडायचं ते नंतर. बाबांचा पक्ष कधी जिंकायचा, कधी हरायचा. जिंकला, की पुढची पाच वर्षं आईंची बोलती बंद. गॅस महागला, नळाला दिवसाआड पाणी आलं, खोदून ठेवलेल्या रस्त्यात रिक्षा उलटता उलटता राहिली, की आई सरकारला चार शब्द सुनवायला तोंड उघडत आणि पेपराआडून आवाज येई, "तूच निवडून दिलंयस. आता बोलू नकोस." आई गप्प होत. मत द्यायचं नवऱ्याच्या सांगण्यावरून आणि वर बोलणीही आपणच खायची, हा कुठला न्याय, असं मला दर वेळी वाटायचं. पण मी सून. पोळ्या लाटत ऐकून घ्यायची.

या लोकसभेच्या आधी मतदार याद्यांचं काम करणाऱ्या एक शिक्षिका आमच्या इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या फ्लॅटवर आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना आता घरबसल्या मत देता येतं, पेटी घेऊन माणसं घरी येतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरात असे दोन मतदार. बाबा तर खूश झाले. मतपेटी आपल्या दारी येणार म्हणून त्यांनी लगेच नवा सदरा इस्त्रीला टाकायला सांगितला. शिक्षिका गेल्यावर आई म्हणाल्या, "या वेळी माझं मी ठरवणार."

"काय ठरवणार?" बाबांनी विचारलं.

"कुणाला द्यायचं ते. शिव्या मला द्यायच्या असतात, तर मतही माझं पाहिजे ना. पुढच्या वेळेला मी असेन-नसेन. एकदा तरी हक्कानं शिव्या देऊ दे मला."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. मला इतका आनंद झाला होता, की हातातलं लाटणं तसंच होतं. तरी म्हटलं, "आई, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी गत आहे. उडदामाजी काळे-गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने?"

"म्हणून कुणी उडीद न निवडता शिजायला टाकतं का?" आई म्हणाल्या. "खडे तरी काढतोच की नाही?"

आता अडचण अशी, की आईंच्या डोळ्यांच्या पडद्याला काही वर्षांपूर्वी विकार झाला आणि तेव्हापासून त्यांना अक्षर वाचता येत नाही. त्यांना जग कळतं ते बाबांच्या आवाजातून. आणि त्यातही एक गंमत आहे. आई लग्न होऊन साताऱ्याकडून इंदूरला आल्या तेव्हा त्यांना हिंदी येत नव्हतं, म्हणून बाबा रोज सकाळी चहाबरोबर हिंदी पेपर मराठीत करून वाचून दाखवायचे. पुढे आई मल्हारगंजच्या बाजारात अशा झकास हिंदीत भाव करायला लागल्या, की दुकानदार हात जोडत. तरी पेपर मराठीतच वाचला जायचा, तो आजतागायत. मी एकदा विचारलं होतं, की आई, तुम्हाला हिंदी बाबांपेक्षा चांगलं येतं, मग हा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "अगं, हिंदी तर टीव्हीवाले पण ऐकवतात. माझ्यासाठी म्हणून मराठी कोण करतंय?"

तर आईंनी दोन्ही पक्षांचे जाहीरनामे मागवले. मी ते फोनवर शोधले, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले आणि दोन पुडकी बाबांसमोर ठेवली.

बाबांनी आपल्या पक्षाचं पुडकं सकाळी उघडलं ते जेवणापर्यंत चाललं. काय ते वाचन! शेतकरी म्हटला की आवाज जड व्हायचा, देश म्हटला की मान ताठ व्हायची. मध्ये दोनदा चहा झाला. दुपारी झोप काढून उठल्यावर त्यांनी दुसऱ्या पक्षाचं पुडकं हातात घेतलं, पाच-सहा पानं उलटली आणि म्हणाले, "हे आपलं ते, रोजगार देऊ, शाळा सुधारू. बाकी सब वही की वही बातें. फालतू आहे. झालं."

आईंनी हात पुढे केला आणि ते पुडकं मागून घेतलं. एका तळहातावर ते ठेवलं, दुसऱ्यावर बाबांच्या पक्षाचं ठेवलं, आणि भाजीवाल्याकडे दुधी जोखावा तशी दोन्ही जोखली.

"हे जास्त जड आहे," त्या म्हणाल्या. "मग हे एवढ्यात कसं संपलं?"

पकडले गेल्यावर बाबा चिडतात. तसे चिडले. "एवढा संशय असेल तर सुनेकडून वाचून घे," म्हणाले. मी तयारच होते, हात पुसून बसलेही. पण आईंनी मला थांबवलं. "तू छान वाचतेस गं, पण तुझं वाचणं स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखं. मला यांच्याच आवाजात ऐकायचंय." मला ते जरा लागलं, खोटं कशाला सांगू. मग त्या बाबांकडे वळल्या. "कोर्टात साक्षीदाराला जबानी वाचून दाखवायचात. तेव्हा आपल्याला न आवडणारी वाक्यं गाळायचात का?"

हा घाव वर्मी बसला. बाबा सगळी नोकरी कोर्टात साक्षी लिहून घेत होते. साक्षीदार काय बोलला ते लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि मगच त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. समोरचा खुनी असो की खोटारडा, एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही, हा त्यांचा अभिमान. पै-पाहुण्यांना त्यांनी तो इतक्या वेळा ऐकवला आहे, की आमच्या दूधवाल्यालाही पाठ असेल. आता त्याच अभिमानाचं टोक त्यांच्याकडे वळलं होतं.

ते उठून गॅलरीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला तो घडी न मोडता तसाच पडून राहिला. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला विचारलं, तर हे म्हणाले, "मी नाही बुवा मधे पडणार," आणि डबा उचलून दुकानात निघून गेले. त्या दिवशी घर अगदी भकास वाटलं. मला वाटलं, गेलं आईंचं मत. एक तर त्या हट्ट सोडतील, नाही तर मतच देणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पाहते तर बाबा अंघोळ करून, चष्मा पुसून, ते जड पुडकं मांडीवर घेऊन बसलेले. "तिला उठव," मला म्हणाले. "आणि चहा जास्त टाक. वेळ लागेल."

मग त्यांनी दुसऱ्या पक्षाचा जाहीरनामा वाचला. पहिल्या पानापासून. सुरुवातीला आवाज औषध घेतल्यासारखा येत होता, पण जातिवंत वाचणारा माणूस, फार वेळ वाईट वाचू शकला नाही. जिथे चढवायचा तिथे आवाज चढवला, जिथे थांबायचं तिथे थांबले. म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याचा मजकूर आला तेव्हा वाचता वाचता म्हणाले, "हे बरं आहे की," आणि लगेच खाकरले. आईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी कपबश्या उचलायच्या निमित्तानं तोंड फिरवून हसून घेतलं.

वाचून झाल्यावर बाबांनी पुडकं खाली ठेवलं आणि कोर्टात म्हणायचे तसं म्हणाले, "पढ़कर सुनाया, समझाया."

"सही होना स्वीकार किया," आई म्हणाल्या, म्हणजे वाचलेलं बरोबर असल्याची साक्षीदाराची कबुली. साठ वर्षं संसार केल्यावर नवऱ्याच्या ऑफिसातली वाक्यंही आपलीच होतात.

पण आईंचं तेवढ्यावर भागलं नाही. एकदा चटक लागली. त्यांनी दोन्ही पक्षांचे मागच्या काही निवडणुकांचे जाहीरनामेही मागवले. मग रोज सकाळी पेपर झाला की सुनावणी सुरू.

"हे झालं का?" आई विचारत.

"काम चालू आहे."

"आणि ते धरणाचं?"

"ते पण चालू आहे."

"आणि हे त्या दुसऱ्यांचं, ते सत्तेत असताना?"

"ते चालू होता होता बंद पडलं."

आई खदखदून हसायच्या. बाबाही हसायला लागले. खालच्या चौकातला एक कार्यकर्ता मागच्या निवडणुकीत एका पक्षाचा गमछा घालून आला होता, या वेळी दुसऱ्याचा घालून आला. "बाबूजी, आशीर्वाद दीजिए," म्हणाला. एरवी बाबांनी त्याला दारातूनच वाटेला लावला असता. त्या दिवशी आत बसवून पोहे खायला घातले आणि खास इंदुरी थाटात विचारलं, "भिया, जाहीरनामा वाचला का आपला?" त्यानं पोहे अर्धे टाकून पळ काढला.

मतदानाची माणसं आली तेव्हा आमच्या हॉलमध्ये लग्नघराइतकी गर्दी झाली. एक बाई अधिकारी, त्यांचे सहकारी, एक पोलीस आणि शूटिंग करणारा एक मुलगा. जेवणाच्या टेबलावरची शेवेची बरणी बाजूला सारून तिथे पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईंचे डोळे पाहून बाई म्हणाल्या, "माताजी, मदद के लिए घर का कोई एक साथ बैठ सकता है."

"मी आहे ना," म्हणत बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात उठलेसुद्धा.

"नको," आई म्हणाल्या. "माझं भिंग आणा."

अक्षर दिसत नसलं, तरी भिंग धरलं की कागदावरचे उमेदवारांचे फोटो त्यांना ओळखू येत. आम्ही सगळे बाजूला झालो. आई आडोशाआड वाकल्या आणि पाहता पाहता मोकळ्या झाल्या. पाकीट चिकटवलं, स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं आणि पदर सावरत आल्या. चेहरा असा, जसं पोरीनं पहिल्यांदा सायकल एकटीनं चालवली.

मग बाबा बसले. ज्या माणसाचं मत आमच्या जन्माआधीपासून ठरलेलं, त्याला कितीसा वेळ लागणार? पण पुठ्ठ्याआड सगळं सामसूम. कूलर घरघरत होता. पोलिसानं एक पाय बदलून दुसऱ्यावर भार दिला. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

"अगं," आडोशाआडून आवाज आला, "ते औषधांचं कुणी लिहिलं होतं?"

"बाबूजी, बात नहीं कर सकते," बाई म्हणाल्या.

"दो मिनट, मॅडम. जरा सोचने दो."

आई माझ्या शेजारी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि त्या आवाज न करता इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. शेवटी एकदाचं पाकीट पेटीत पडलं. बाबा घाम पुसत बाहेर आले. मंडळी गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"गुप्त असतं ते," आई म्हणाल्या.

"मग माझंही गुप्त," बाबा म्हणाले, आणि त्यांनी शेवेची बरणी पुढे ओढली.

यथावकाश निकाल लागला. कोण आलं ते सांगत नाही, आमच्या नळाला काही फरक पडलेला नाही. परवा सकाळी असंच पाणी आलं नाही. आईंनी रिकामी बादली आपटली आणि सरकारला बोलायला सुरुवात केली. बाबांनी पेपर खाली केला. "तूच..." म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य ते बोलूच शकत नव्हते, कारण आईंनी कुणाला दिलं ते त्यांना माहीतच नव्हतं.

"बोला ना," आई म्हणाल्या.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि सरकारला एक सणसणीत शिवी त्यांनीही हासडली.