कडूबाच्या नंबरावर अख्खं गाव

कडूबाचा फोन मी बंद पाडला. मुद्दाम नव्हे. सुरक्षित करायला गेलो आणि इतका सुरक्षित केला, की खुद्द मालकालाही तो वापरता येईना.

आदल्याच दिवशी आम्हा शिक्षकांना तालुक्याला बोलावून ऑनलाइन सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं. असलं ज्ञान अंगात फार दिवस टिकत नाही. ताजं आहे तोवर कुणाला तरी पाजावं, म्हणून शनिवारची शाळा सुटल्यावर मी गावच्या पाण्याच्या टाकीकडे गाडी वळवली. टाकीखाली कडूबा होता. त्याचा फोन मागून घेतला आणि प्रशिक्षणात सांगितलेलं ॲप उतरवलं. ते विचारेल त्याला 'मान्य', 'परवानगी द्या', 'पुढे' असं करत गेलो. सत्यनारायणाला भटजी सांगतील तेव्हा आपण पळीभर पाणी सोडतो, तितक्याच समजुतीनं. शेवटी ते म्हणालं, तुमच्या सिमला कुलूप नाही. मी कुलूप लावायला गेलो, तर चार आकडे मागितले. मला वाटलं, नवे आकडे ठरवायला सांगतंय. ते मागत होतं सिमचे मुळातले जुने. मी कडूबाचं जन्मसाल टाकलं. चूक. माझं टाकलं. तेही चूक. मग आमच्या शाळेच्या स्थापनेचं टाकलं. त्यानंतर फोननं मला विचारणंच सोडलं आणि पडद्यावर एक ओळ आणली: सिम बंद आहे, पीयूके कोड टाका. बंद सिम उघडायचा हा कोड फक्त कंपनीकडे असतो.

"झालं का, सर?" कडूबानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. आणि खरंच झालं होतं.

हा फोन दुसऱ्या कुणाचा असता तर मी एवढा घाबरलो नसतो. कडूबा आमच्या गावचा पाणी सोडणारा. टाकी उंचवट्यावर आहे, आणि पूर्वी गावात रेंज यायची ती त्या उंचवट्यावरच. त्याच काळात बँक, गॅस, रेशन, पीकविमा असं एकेक करून सगळं ऑनलाइन झालं आणि प्रत्येक फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी कडूबाचा नंबर दिला. फोन होता पण घरात रेंज नव्हती, त्यांनीही कडूबाचाच दिला. पुढे घरोघरी फोन आले, रेंज आली, पण फॉर्मवरचा नंबर तोच राहिला. बदलायला जावं तर बदलण्याचा ओटीपी कडूबाच्याच फोनवर येतो, आणि एवढं टाकीपर्यंत आलोच आहोत तर मूळ कामच उरकून घेऊ, असं माणसाला वाटतं. त्यामुळे आजही अर्ध्या गावाचं कुलूप कडूबाच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत वाजतं. मागे तो लेकीकडे आष्टीला मुक्कामी गेला, तर त्याच्या मागोमाग गावातली चार माणसं पाहुणी म्हणून तिथं जाऊन जेवून आली.

त्याचा नियम एकच. कोड हवा असेल तर स्वतः समोर यायचं. बायकोचा कोड नवऱ्याला नाही, बापाचा लेकाला नाही, आणि फोनवर तर कुणालाच नाही. "कशाचा?" असं विचारतो, तोंड निरखून बघतो, मग आकडे सांगतो आणि तिथल्या तिथं पुसून टाकतो. असा तो पहिल्यापासून नव्हता. तुळजाबाईचा मुलगा पुण्याला असतो. एकदा त्याच्या आवाजात फोन आला, "काका, मायच्या खात्याचा आकडा आलाय बघा." कडूबानं सांगितला. आवाज हुबेहूब मुलाचा होता, मुलगा मात्र तो नव्हता. तुळजाबाईचं खातं धुऊन गेलं. ती कडूबाला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच त्याला फार लागलं असावं.

तर असा तो फोन माझ्या हातात मेलेला होता, आणि खालून राजनंदिनी धावत आली. ही सगुणाबाईची मुलगी. मागे सगुणाबाई, पदर खोचून.

"काका, आला का माझा? पाठवला म्हणून दाखवून राह्यलंय."

"कशाचा?"

"नर्सिंगचा. यादीत नाव लागलं माझं. पाचच्या आत 'जागा स्वीकारली' करायचंय, न्हाई तर खालच्या पोरीला देतेत."

कडूबानं माझ्याकडे हात पुढे केला. मी फोन दिला. त्यानं बघितलं, हलवला, पुसला, पुन्हा बघितला.

"सर, हे काय करून ठिवलं?"

मी सांगितलं. प्रशिक्षणातले शब्द वापरून सांगितलं, म्हणून जरा वेळ लागला.

सगुणाबाई ऐकून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी चोर येऊ नये म्हणून तुमी घराचं दारच चिणून टाकलं."

मी माझ्या फोनवरून कंपनीला लावला. मराठीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी तीन दाबा. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, म्हणून त्यांनी तो बराच वेळ जपून ठेवला. राजनंदिनी माझ्या घड्याळाकडे बघत होती, मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. अखेर एक मुलगी बोलली. फार गोड बोलली. पीयूके मिळेल, फक्त सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांचं नाव आणि जन्मतारीख सांगा.

मी कडूबाचं पूर्ण नाव सांगितलं.

"सॉरी सर, हे नाव जुळत नाही."

मी पुन्हा सांगितलं, हळू, शाळेत हजेरी घेतो तसं.

"सॉरी सर. ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलावं लागेल."

मी फोन ठेवला. कडूबा व्हॉल्व्हच्या चाकाकडे बघत उभा होता. तिकडेच बघत म्हणाला, "गयासोद्दीनच्या नावावर हाये."

गयासोद्दीन म्हणजे टेंभुर्णीचे गादीवाले. त्यांचं आणि कडूबाचं बोलणं बंद होतं, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. का बंद, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

"मग चला," मी म्हणालो.

"तो द्यायचा न्हाई."

"काका, चला ना," राजनंदिनी म्हणाली. आवाज तिनं मोठा केला नाही, पण कडूबानं लगेच व्हॉल्व्हची चावी सगुणाबाईंच्या हातात दिली. "वरच्या आळीचं सुरू हाये. टाकीची पातळी या पट्टीखाली गेली की बंद कर. कुणी काही म्हणलं तरी उघडू नको." सगुणाबाईंनी चावी घेतली. लेकीकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. देवाला असेल, किंवा मला असेल.

माझ्या मोटरसायकलवर मी, मध्ये कडूबा, मागे राजनंदिनी. वाऱ्यात कडूबा माझ्या कानाशी तुटक तुटक बोलत होता. सिम घेतलं तेव्हा त्याच्याकडे कागद नव्हते, गयासोद्दीन सोबत होते, त्यांनी आपले दिले. पुढे आधार जोडायची वेळ आली तेव्हाही त्यांनीच येऊन अंगठा लावला. त्यांच्या स्वतःच्या घरच्या कागदांवरही हाच नंबर होता.

"मंग त्याच्या बायकोचं, अनवरीभाबीचं ऑपरेशन निघालं. संभाजीनगरला. तिथून त्यानं फोन केल्ता. योजनेच्या कार्डाचा कोड आलाय, सांग म्हणला."

"आणि?"

"समोर ये म्हणलं."

मी गाडी जवळजवळ थांबवलीच. "कडूभाऊ, ते दवाखान्यातून बोलत होते."

"तुळजाबाईला जाऊन मह्यना बी झाला नव्हता." मग स्वतःच दुरुस्त केलं, "म्हंजी तुळजाबाईचे पैसे."

"मग?"

"मंग काय. ऑपरेशन एक दिवस पुढं गेलं. भाबी बऱ्या हायेत आता. पण तो बोलत न्हाई."

गयासोद्दीन दुकानात मांडी घालून गादीला टाके घालत होते. लांब सुई, जाड दोरा. आम्हाला बघितलं, कडूबालाही बघितलं, आणि सुई पुढच्या टाक्यात घातली.

"आवो सर, बसो."

मी बसलो नाही. एका दमात सगळं सांगितलं: मुलीची जागा, पाचची वेळ, माझा पराक्रम, कंपनीची अट. ते ऐकत होते आणि शिवत होते. कडूबा पायरीखाली उभा होता. दुकानातल्या घड्याळात चार कधीच वाजून गेले होते.

"नंबर मेरा, वापर इसका," गयासोद्दीन सुईकडे बघत म्हणाले. "अच्छी बात है. अन् माझाच कोड मी मागितला तर म्हणतो, समोर ये. आता कोण कुणासमोर आलंय, सर?"

राजनंदिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. फोनवर पान पुन्हा पुन्हा उघडत होती, मिटत होती.

"एकच विचारतो," गयासोद्दीननी सुई गादीत टोचून ठेवली आणि पहिल्यांदा थेट कडूबाकडे बघितलं. "त्या दिवशी तू माझा आवाज वळखला न्हाई, का वळखून न्हाई म्हणला? बोल."

मी अनेक परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलोय. इतका अवघड एक गुणाचा प्रश्न मी पाहिला नाही. कडूबानं गयासोद्दीनकडे बघितलं. मग राजनंदिनीकडे. मग गळ्यातली पिशवी मुठीत धरली.

आतल्या पडद्याआडून अनवरीभाबी बाहेर आल्या. त्यांनी सरळ नवऱ्याच्या मांडीवरची गादी ओढून बाजूला केली. "ऑपरेशन मेरा था, रूठ के तुम बैठे हो. लड़की की सीट जा रही है. पहले फोन करो, लड़ना बाद में."

गयासोद्दीन थोडं घुटमळले. "उस दिन लाईन खराब होगी," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले कळलं नाही. कडूबानं मान खाली घातली, आणि ती मान होकारार्थी होती असं समजायला सगळ्यांना सोयीचं होतं.

मी फोन लावला. एक दाबा, तीन दाबा. या वेळी दुसरी मुलगी होती, तितकीच गोड. नाव जुळलं. जन्मतारीख विचारली.

"पावसाळ्यातली है," गयासोद्दीन म्हणाले.

"सर, तारीख सांगा."

ते माझ्याकडे बघू लागले. इथं मात्र माझ्या नोकरीचा उपयोग झाला. "एक जून," मी पुटपुटलो. आमच्याकडे शाळेत नाव घालताना ज्याला ज्याला तारीख माहीत नसे, त्याला त्याला मास्तर एक जूनलाच जन्माला घालत. साल त्यांच्या लक्षात होतं. तारीख जुळली. त्या मुलीनं आठ आकडे सांगितले. मी फोनकडे हात नेला.

"तुमी दूर," कडूबा म्हणाला.

आकडे राजनंदिनीनं टाकले, एकेक, ओठ हलवत. दहा वेळा चुकलं तर सिम कायमचं जातं, हे मला प्रशिक्षणातून ठाऊक होतं आणि मी ते बोललो नाही. सिम उघडलं. नवा पिन कडूबानं स्वतः ठरवला, माझ्याकडे पाठ करून. आणि मग गळ्यातली पिशवी वाजायला लागली ती थांबेचना. गॅसवाले, बँकवाले, दुपारपासून तुंबलेले सगळ्या गावाचे आकडे एकामागून एक येऊन पडले. त्यात राजनंदिनीचेही होते. पण त्यांची मुदत संपलेली होती.

"नवीन मागव."

तिनं मागवला. पडद्यावर आलं: आपण अनेकदा प्रयत्न केला आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

थोडा म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. साडेचार होऊन गेले. गयासोद्दीननी सुई हातात घेतली, टाका मात्र घातला नाही. अनवरीभाबींनी पाणी आणलं, कुणी घेतलं नाही. राजनंदिनीनं दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच, थोड्या वेळाने. पुन्हा दाबायला गेली तेव्हा कडूबानं तिच्या फोनवर तळहात ठेवला. "दाबू नको. दाबल्यानं ते पुन्हा रुसतंय. पाणी चढायला लागलं की मोटर सारखी चालूबंद करत न्हाईत." आम्ही सगळे त्या तळहाताकडे बघत बसलो. मी मनातल्या मनात सगुणाबाईंना काय तोंड दाखवायचं याची वाक्यं जुळवत होतो. एकही धड जुळत नव्हतं.

"आता," कडूबा म्हणाला आणि हात काढला.

तिनं दाबलं. चक्र फिरलं. पिशवी वाजली.

कडूबानं वाचलं, मग मान वर करून विचारलं, "कशाचा?"

"काका, नर्सिंगचा. मीच हाये, समोर."

त्यानं आकडे सांगितले. तिनं टाकले. हिरवी खूण आली, आणि त्याखाली तिचं नाव आणि 'जागा स्वीकारली'. पाचला थोडी मिनिटं उरली होती. ती तिथंच पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अनवरीभाबी तिच्या शेजारी बसल्या. कडूबानं आलेला संदेश पुसून टाकला.

निघताना गयासोद्दीन दुकानाबाहेर आले. "अबे कडू, वो नंबर तेरे नाम कर ले. मैं मर गया तो गाव मरेगा."

"मंगळवारी येतो," कडूबा म्हणाला. दोघं एवढंच बोलले. पण ते बोलले.

राजनंदिनीला पुढच्या कागदांसाठी टेंभुर्णीत मैत्रिणीकडे सोडलं. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंच होतो. उन्हं उतरली होती, रस्त्यात खड्डे होते आणि माझ्या मनात दुपारपासून एकच गोष्ट अडकली होती. तोंडाशी आली, गिळली, पुन्हा आली. गावाची टाकी दिसायला लागली तेव्हा मी मान मागं वळवून विचारलंच.

"कडूभाऊ, खरं सांगा. त्या दिवशी गयासभाईंचा आवाज ओळखला नव्हता का तुम्ही?"

"वळखला व्हता. तुमी पुढं बघून गाडी चालवा."