चतुरबाईंच्या पेट्या

चतुरबाईंना सगळी वस्ती अर्धवट समजायची. मीही. कॉलेजात शिकवणारी बाई सुट्टीच्या दिवशी जाळं घेऊन गुडघाभर चिखलात उभी, कशासाठी, तर पाण्यावर भिरभिरणारे चतुर धरायला! पिकांवरची कीड अभ्यासली असती तर मोठी खुर्ची मिळाली असती. यांनी उभी नोकरी एका तळ्यावर घालवली.

मग तळं बुजवून गोदामं बांधायचं निघालं आणि मी, शाळा अर्ध्यात सोडलेला मोर्चेवाला, त्यांच्याच दारात गेलो. त्यांनी सांगितलं, इथल्या एका जातीचा चतुर आसपास दुसरीकडे कुठेच नाही. पण ओळखायचा तर शेपटीचं टोक भिंगाखाली बघावं लागतं, फोटोवर भागत नाही. नमुने पेटीत आहेत. मला तेवढं बास होतं.

घर दीड खोलीचं. कॉट त्यांच्या आईची, कॉटखाली पेट्या. डांबरगोळ्यांच्या वासाने म्हातारीचा दमा उसळायचा, म्हणून बाईंनी पेट्यांतल्या गोळ्या कधीच काढून टाकल्या होत्या. त्याऐवजी दर आठवड्याला पेट्या ओढून कीड लागली का ते बघायच्या. म्हातारी वरून टोमणा मारायची, "जावई आणायचा सोडून चतुर आणले कार्टीने."

थंडीत म्हातारी गेली. तळ्याची सुनावणी सरकारी कचेरीत लागली उन्हाळ्यात.

साहेबाच्या टेबलावर पेटी ठेवली तेव्हा माझी छाती फुगली होती. बाईंनी झाकण उघडलं. टाचण्या ओळीने उभ्या, चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि खाली नुसता भुगा. भुग्यात केसाळ अळ्या वळवळत होत्या.

गोदामवाल्यांचा वकील हसला. त्याची गचांडी धरायला माझे हात शिवशिवले, पण राग निघाला बाईंवर. "बाई, तुम्हीच किड्यांच्या डॉक्टर ना?"

"आई गेल्यापासून कॉटखाली हात घातला नाही हो, दादा," त्या म्हणाल्या.

नवे धरावेत तर चतुरांचा हंगाम यायला अजून अवकाश, आणि साहेबाने निकाल त्याच दुपारी दिला. तळं बुजलं. तिथे आता ट्रक लागतात.

परवा बाईंकडे गेलो. कॉटवर तीच चादर. पेट्या रिकाम्या, तरी प्रत्येकीत मूठमूठ डांबरगोळ्या. वासाने खोली कोंदलेली. मी म्हटलं, आता कशाला?

मला ठसका लागला. तशा त्या धडपडत उठल्या आणि खिडकी उघडायला धावल्या.