हातमोज्यांची दुसरी जोडी

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या क्लिनिकमध्ये मी टेबलाशी उभी होते. हात कोपरापर्यंत घासून धुतलेले, निर्जंतुक ग्लव्हज चढवलेले. पाठीवरचं गळू कापून घ्यायला आलेल्या आजी पालथ्या झोपल्या होत्या. मान वळवून त्यांनी विचारलं, "मराठी का गं तू? आडनाव काय?"

मी सांगितलं.

आजींनी मान फिरवली. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "हिला हात लावू देऊ नकोस मला."

डॉक्टर दिल्लीत वाढलेले, पण मराठीच. हसले. "अच्छा आजी, टेन्शन नको. सिस्टर, वरून अजून एक जोडी घाल. काय बिघडतं यार?"

मी घातली. डोळे भरून आले, पण पुसता येईनात. ग्लव्हज चढवल्यावर तोंडाला हात लावायचा नाही. पू मी टिपला. जखमेत गॉज मी भरला. पट्टी मी बांधली.

शिकताना हे काम मला फार आवडायचं. इथे स्वच्छ कोण, ते साबण आणि ब्रश ठरवतात असं वाटायचं. किती भोळी होते मी! दिल्लीत हिंदी बोलणाऱ्यांना माझ्या आडनावावरून काही कळत नसे. आपल्या माणसांना बरोबर कळलं.

सोडून जाणार कुठे? वडील फौजेतून निवृत्त झालेले, कॅन्टोन्मेंटमधलं क्वार्टर सुटलेलं. आम्ही सगळे डॉक्टरांनी दिलेल्या, क्लिनिकच्याच मागच्या खोलीत राहायचो. नोकरी गेली की छप्पर गेलं. बाहेर नवे फ्लॅट उठत होते, घरोघरी केबल टीव्ही येत होता. आत माझा जीव गुदमरत होता. आजी रोज ड्रेसिंगला यायच्या. रोज दोन जोड्या. मग त्यांच्या ओळखीचे लोक येऊ लागले. त्यांनाही दोन.

एका सकाळी एक मराठी बाई बोट कापून आल्या. टाके घालायचे होते. त्या काही बोलल्या नव्हत्या, डॉक्टरही नाहीत. तरी ट्रेमध्ये मीच माझ्यासाठी ग्लव्हजची दोन पाकिटं काढून ठेवली.

त्या पाकिटांकडे पाहिलं आणि अंगाची आग झाली. म्हणजे आता सांगायलाही कोणी लागत नव्हतं! माझा विटाळ मीच पाळायला लागले होते. एक पाकीट मी कपाटात परत टाकलं.

त्यानंतर आजी आल्या. मी एकच जोडी घातली.

"सिस्टर, दुसरी?"

"नाही सर."

"आजी ऐकणार नाहीत."

"मग ड्रेसिंग तुम्ही करा."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "खोलीचा विचार केलास?"

"केला."

आजी पाठ उघडी टाकून पडल्या होत्या. मी एकाच जोडीत टेबलाशी उभी राहिले.

खोली जाईल. जाऊ दे. का गेली, तेही मी घरी सांगेन. जखम कोणाचीही असो, मी धुईन. पण माझी जात झाकायला म्हणून हातावर काही चढवणार नाही. ज्याला माझा हात चालत नाही, त्यानं आपला पू आपणच पुसावा.