कल्याण सरांचा घोळणा

पाथर्डीजवळच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे कल्याण सर म्हणजे हूणांचा राजा अटिला! हे त्यांचं स्वतःचंच म्हणणं, आणि त्यावर पहिले हसणारेही तेच. अटिलाने रोमच्या बादशहाकडून खंडणी वसूल केली. सरांना वर्गातल्या पोरांचे मोबाईलसुद्धा वसूल करता आले नाहीत. अटिला पाहुण्यांना चांदीच्या ताटात वाढायचा, स्वतः मात्र लाकडी ताटात जेवायचा. सर आईने भरून दिलेल्या डब्यात. साम्य काय ते एका नाकाचं. एवढा जग हादरवणारा गडी, नवी बायको केली आणि त्याच रात्री घोळणा फुटून, नाकातल्या रक्तानं मेला म्हणतात. सरांचाही घोळणा उन्हात फुटायचा.

अभ्यासक्रमात नसताना हे मरण ते दरवर्षी रंगवून सांगत. पोरं खो खो हसत. मग सदतिसाव्या वर्षी सरांचं लग्न ठरलं आणि त्यांचंच हसू पळालं. नाकाची गोष्ट मुलीकडे कुणी काढलीच नाही. आई म्हणाली, "गप ऱ्हा बाबा. आधीच पोरी मिळंनात."

लग्न मे महिन्यातलं, भर दुपारचं. डोक्याला आवळलेला फेटा, हातात लिंबू खोचलेली कट्यार, पुढे अंतरपाट. दुसऱ्याच मंगलाष्टकाला नाकात ऊन ऊन काहीतरी सरकलं. मेलो! मान वर केली तर रक्त घशात, खाली केली तर थेंब पाटावर. आता नवरा रोगट निघाला म्हणून बोंब होणार, हातातोंडाशी आलेलं लग्न मोडणार. अटिलाचं निदान लग्न लागलं तरी होतं. आणि ही कट्यार काय कामाची, सरबत करायला?

"भटजी, थांबा जरा." नवरी धनश्रीने अंतरपाट खाली ओढला.

"अगं, मुहूर्त!" तिचा मामा ओरडला.

तिने ऐकलंच नाही. पदराची गाठ सोडून कांदा काढला, पाटावर ठेवून एका बुक्कीत फोडला आणि सरांच्या नाकाला लावला. "हुंगा."

सर हुंगत राहिले. हळूहळू रक्त थांबलं.

"कांदा कुठून आणला?" सरांनी विचारलं.

"घरून. साखरपुड्यात तुमच्या रुमालावर डाग बघितला हुता."

"मग तवाच मोडलं का न्हाई?"

"नाकाशी लगीन करायचंय व्हय मला?"

सरांना भडभडून आलं. मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली, तेव्हा अंतरपाटाखालून त्यांनी कट्यार, खंडणी भरावी तशी, हळूच तिच्या हातात दिली.