जोडपत्र क्रमांक अठरा

संबंधित व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. स्त्री, वय एकसष्ट, अविवाहित. उंची बेताची, आवाज त्या मानाने जास्त. व्यवसाय: इतरांचे अर्ज भरणे. कामाचे ठिकाण: कॉलेजच्या फाटकासमोरील झेरॉक्सच्या दुकानात शिरताना डाव्या हाताचे टेबल. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा. अपत्ये: निरंक. अर्जदाराशी नाते: मावशी, छापील यादीत हा पर्याय नसल्याने ‘इतर’.

या ‘इतर’मध्ये तिची वीस वर्षं गेली होती. बहीण आणि मेव्हणे एकाच अपघातात गेले तेव्हा भाची चार वर्षांची होती. शाळेत नाव घालायला नेलं, तर तिथला कारकून म्हणाला, “मावशी काय नि आई काय, आई लिहून टाका. पुढची कटकट वाचेल.”

“आई गेली आहे,” मावशी म्हणाली. “गेलेल्या माणसाच्या जागी मी सही करत नाही.”

तिच्या धंद्याचे नियम दोनच होते. रकाना रिकामा ठेवायचा नाही आणि रकान्यात खोटं लिहायचं नाही. परदेशी शिकायला जाणारी मुलं लांबलांबून तिच्याकडे यायची, ती या दोन नियमांमुळेच. कुठल्या विद्यापीठाला शिफारसपत्रं दोन लागतात नि कुठल्याला तीन, गुणपत्रकाच्या पाकिटावर सही नेमकी कुठे आडवी यावी लागते, तिकडची मुदत त्यांच्या घड्याळाने संपते की आपल्या, हे सगळं तिला पाठ. ती स्वतः मात्र गावाबाहेर क्वचितच गेली होती. झेरॉक्सवाला तिच्यापेक्षा वयाने मोठा असून तिला मावशीच म्हणायचा. “मावशी, अर्ध्या जगाला तुम्ही विमानात बसवलंत,” तो म्हणायचा, “आणि स्वतः रिक्षात बसलात तरी तुम्हाला मळमळतं!”

भाची याच दुकानात, कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून मोठी झाली. तिचं नाव शाळेपुरतं, एरवी ती ठकी. जुने कागद कसे टिकवायचे, त्यांची शाई कशी सांभाळायची, हे तिला शिकायचं होतं, आणि ते नीट शिकवणारं विद्यापीठ समुद्रापलीकडे होतं. मावशीने कपाटाच्या दाराला कॅलेंडर लावलं. लाल शाईत मुदती, निळ्यात परीक्षा, हिरव्यात पत्र देऊ म्हणून न देणाऱ्या प्राध्यापकांकडच्या खेपा. हिरवी शाई आधी संपली. पण सगळं जमलं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली आणि व्हिसा नाकारला गेला.

नकाराचं पत्र सात ओळींचं होतं. शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परत येईल असं मानायला पुरेसं कारण दिसत नाही. आईवडील नाहीत, भावंडं नाहीत, घर भाड्याचं. मावशी आहे असं लिहिलं होतं, पण मावशीसाठी कोणी परत येत असेल हे तिकडच्या साहेबाला पटलं नसावं.

“आपण काही साहेबाच्या ओळखीचे नाही,” ठकी म्हणाली. “जाऊ दे मावशी. इथेच बघू काहीतरी.”

“जाऊ कशाला द्यायचं? विद्यापीठाने जागा वर्षभर राखून ठेवलीय. पुन्हा भरू.”

“नवीन काय दाखवणार? परतीचं कारण काही दुकानात मिळत नाही.”

परतीचं कारण मावशीकडे होतं. दीड महिन्यापूर्वी मोठ्या इस्पितळातून आणलेला अहवाल घरच्या ट्रंकेत, जुन्या पोचपावत्यांखाली होता. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं, आणि सोबत कोण आहे असंही विचारलं होतं. “आहे कुणीतरी,” असं उत्तर तिने दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक रकाना मोघम भरला होता.

आता तिने हिशोब मांडला, तो असा. अहवाल ठकीला दाखवला, तर ती अर्जच करणार नाही. न दाखवता लावला, तर अर्ज मंजूर होईल, कारण अंथरुणाला खिळत चाललेली एकुलती एक मावशी हे कुणालाही पटण्यासारखं कारण आहे. राहता राहिला धोका ठकीने तो कागद बघण्याचा. तर तीस वर्षांत मावशीने ओवलेली फाईल कुणी सोडवून बघितली नव्हती. तशी रीतच होती. गाठ तिची म्हणजे आत सगळं जागच्या जागी. आणि खिडकीतले साहेब नेहमीचेच चार प्रश्न विचारतात, जोडपत्रं मागाहून सवडीने वाचतात.

तेव्हा जोडपत्रं सतराची अठरा झाली. अठरावं: पालकाचा वैद्यकीय अहवाल, सही-शिक्क्यासह. वर तिने एक ओळीचं पत्र जोडलं. अर्जदाराशिवाय माझं कोणी नाही. ते लिहिताना तिला काही वाटलं असलं, तरी अक्षर कुठे हललेलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी ती टेबलाशीच होती. दुपारी तीनच्या सुमाराला ठकी दुकानात आली. मावशी एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती.

“अठरा नंबरला काय लावलंयस?” ठकीने विचारलं.

मावशीचं पेन थांबलं. “खरा कागद लावलाय.”

“काचेपलीकडे एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, मावशींच्या उपचारांची पुढची तारीख कधी? मी म्हटलं, कसले उपचार? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मग फाईल उलटी करून काचेला लावली. मला वाचता यावं म्हणून. मी उभ्या उभ्या वाचलं, मावशी. मागे रांग होती.”

झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केलं. अर्जवाला मुलगा अर्ज तिथेच टाकून बाहेर जाऊन उभा राहिला.

“मग काय म्हणाल्या त्या?” मावशीने विचारलं.

“पासपोर्ट टपालाने येईल म्हणाल्या. मंजूर. आणि सॉरी म्हणाल्या.” ठकी खाली बसली, लहानपणी बसायची तशी, कागदांच्या गठ्ठ्यावर. “मी जाणार नाहीये.”

“मग आपण खोटे ठरतो. लिहून काय दिलंय? जाईन आणि परत येईन. गेल्याशिवाय परत कशी येशील?”

“शब्दात नको पकडूस मला!”

“मग कशात पकडू? एवढंच येतं मला.”

“म्हणतात ना,” झेरॉक्सवाला मध्येच बोलला, काहीतरी बोलायला हवं म्हणून, “माय मरो, मावशी...” आणि स्वतःच जीभ चावून गप्प झाला.

“जगो,” मावशीने वाक्य पुरं केलं. अर्धवट सोडलेलं तिला चालायचं नाही. “ठके, दीड वर्ष माझ्या उशाशी बसून काय करणार आहेस? मी कण्हणार नि तू बघणार. त्यापेक्षा शीक. कळवत जा. सुट्टी लागली की ये.”

“आणि तुला काही झालं तर?”

“तर कळवतीलच. दुकानात फोन आहे.”

आठवडाभर दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. नंतर ठकीने बॅग काढली. सामानाची यादी मावशीने केली, अनुक्रमांकासह. निघायच्या दिवशी विमानतळापर्यंत तिच्याने जाववलं नाही. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि रिक्षा वळेपर्यंत सांगत राहिली, की पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे. ठकीला ते माहीत होतं. तरी ती दर वेळी “हो” म्हणाली.

डॉक्टरांचं वर्ष-दीड वर्ष सहा महिन्यांतच संपलं. झेरॉक्सवाल्याने फोन केला तेव्हा तिकडे परीक्षा चालू होत्या. विद्यापीठाच्या कार्यालयाने ठकीपुढे एकपानी छापील अर्ज ठेवला. मृत व्यक्तीशी नाते: आई, वडील, जोडीदार, भावंड, अपत्य. खाली टीप होती, की इतर नात्यांसाठी रजेची तरतूद नाही.

ठकीने पेन घेतलं आणि ‘आई’समोर खूण केली.

पाच दिवसांची रजा मंजूर झाली. जायला-यायला तीन लागले.